उशाला विटा

देवपुरातल्या बन्सीलालनानांच्या दोन गोष्टी गल्लीला ठाऊक होत्या. एक, वांग्याचं भरीत खाल्लं की त्यांच्या छातीत जळजळायचं, आणि ते रोज खायचे. दुसरी, कुणी काहीही मागितलं की त्यांची मान होकारार्थी हलायची. रविवारी थोरल्या पुष्पाच्या लग्नाची बोलणी होती. मुलाचे वडील, पारोळ्याचे झुलालभाऊ, स्कूटर मागणार, अशी कुणकुण होती. नाना हो म्हणून बसतील, या धास्तीनं त्यांच्या बायकोची, द्रौपदाबाईंची, झोप उडाली होती.

नानांना धास्ती होती ती फक्त पाहुण्यांसमोर करपट ढेकर येण्याची. म्हणून शनिवारी ते एकदाचे डॉक्टरांकडे गेले.

"सकाळी एक गोळी, रात्री एक. आपल्या मनानं वाढवायची नाही," डॉक्टर म्हणाले. "जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. आणि झोपताना उशाला विटा लावा, म्हणजे आम्ल वर येणार नाही."

रात्री नानांनी खाटेवरची उशी काढली आणि तिथे दोन विटा मांडून त्यांवर मान टेकवली.

"आवो, हाई काय शे?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"डॉक्टरनी सांगेल शे. उशाले इटा."

सकाळी मान जागची हलेना. हनुवटी वर आणि नजर आढ्याला. शेजारचे पुनाभाऊ धावत आले आणि आपली गुडघेदुखीची गोळी देऊन गेले. नानांनी ती उपाशीपोटी गिळली. मान तशीच राहिली, छातीत मात्र भट्टी पेटली. तेव्हा नानांनी आम्लपित्ताच्या चार गोळ्या एकदम तळहातावर घेतल्या.

द्रौपदाबाईंनी त्या हिसकावल्या आणि पाकीट कमरेला खोचलं. "सकाळनी एक लेवाई गयी ना? आते रातले!"

तेवढ्यात पाहुणे दारात उभे राहिले.

मुलीचा बाप म्हणजे वाकून उभा राहणारा माणूस, अशी झुलालभाऊंची समजूत होती. हा बाप आढ्याकडे बघत बसला होता. तोंड उघडलं की आंबट पाणी येई, म्हणून बोलतही नव्हता.

"नाना, पोरले स्कूटर देनी पडी," झुलालभाऊंनी सुरुवात केली.

नानांनी सवयीनं मान हलवायचा जिवापाड प्रयत्न केला. ती हलली नाही.

"बरं, स्कूटरना बुकिंगना नंबर लागाले वेळ लागी. सायकल बी चाली."

नानांच्या छातीत कळ आली. त्यांनी डोळे गच्च मिटले.

"रागे भरू नका, नाना! सायकल पोरकडे शेच," झुलालभाऊ घाईनं म्हणाले.

पुष्पानं भरिताचं ताट पुढे ठेवलं. नानांनी वरच बघत हातानं ते दूर सारलं. झुलालभाऊंच्या कपाळाला घाम फुटला. खान्देशातला माणूस भरीत परत पाठवतो, म्हणजे त्याचा संताप साधा नव्हे.

"काहीच नको! नारळ अन् पोरगी, बस्स!"

आतल्या खोलीत द्रौपदाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो नाना, विटा खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली लावायच्या होत्या! आणि दुसऱ्याची गोळी घेतलीत? त्या गोळीनं पोटात जखम होते. पुन्हा काही घ्यायचं तर आधी मला विचारा. पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही, तर परत या."

नानांनी या वेळी तंतोतंत ऐकलं. विटा खाटेखाली गेल्या, रात्रीचं जेवण लवकर होऊ लागलं, भरीत आठवड्यातून एकदा, तेही बेतानं. पंधरा दिवसांत जळजळ थांबली. लग्नही थाटात लागलं. "ताठ मानेचा माणूस" म्हणून नानांचं नाव पार पारोळ्यापर्यंत झालं, आणि हळूहळू नानांनाही ते खरं वाटू लागलं.

द्रौपदाबाईंना मात्र नवरा पक्का माहीत होता. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी त्या खाटेखाली वाकल्या आणि दोन विटा काढून पदरानं पुसू लागल्या.

"सकाळले धाकलीनी बोलनी शे," त्या म्हणाल्या. "आजनी रात उशाले लेतस का?"

नानांनी मोकळी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिली.

"ठेव," ते म्हणाले. "पन पुनाभाऊले कळू दिऊ नको."