गुरूवरचं टिंब

गर्दी जमवणं म्हणजे काही अवघड काम नाही, असं किशनराव मास्तरांचं ठाम मत होतं. माणसाला काहीतरी चांगलं दाखवा, माणूस आपल्या पायानं येतो! हे मत त्यांनी हेडमास्तरांना ऐकवलं, चहावाल्याला ऐकवलं आणि एके दिवशी फोनवर लातूरच्या शिक्षणाधिकारी साहेबांनाही ऐकवलं. तिथंच घात झाला.

"मग दाखवाच," साहेब म्हणाले. "मी स्वतः येतो. मैदान भरलं तर तुमच्या शाळेला दिलेली दुर्बीण उदगीरला राहील. नाही भरलं तर लातूरला पाठवून द्या."

आता लातूर जिल्हा झाल्यापासून उदगीरकरांच्या मनात एक भीती बसली होती, की आपल्याकडचं जे काही बरं असेल ते लातूरला जाणार. पण ही दुर्बीण? तिच्यावर तर मास्तरांचा जीव! मास्तर मूळचे उमरीचे, बदली होऊन इथं आलेले, बिऱ्हाडी एकटेच. दुर्बीण पुसता पुसता ते तिच्याशी चार सुखदुःखाच्या गोष्टी करायचे. ती गेली म्हणजे बोलायचं कुणाशी?

शिवाय दुर्बिणीला एका वेळी एकच डोळा लागतो. मैदानभर माणसांची रांग लावली तर शेवटच्याची पाळी येईपर्यंत ग्रह मावळून घरी जायचा. मास्तर डोकं खाजवत बसले आणि एकाएकी उठून थेट बसवंतच्या दुकानात गेले. बसवंत लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचा. पण पाऊस नाही, विहिरीत पाणी नाही, लोकांनी लग्नं पुढं ढकललेली. कॅमेरा कापडात गुंडाळून नुसता पडून होता.

"बसवंत, तुझा कॅमेरा दुर्बिणीला बांधायचा आणि वायर टीव्हीला जोडायची. सगळं गाव एकदम बघंल."

"बघंल, पण काय?"

"गुरू."

बसवंतनं पटकन चप्पल काढली. "गुरूंची शूटिंग? माझं नशीबच की सर. घरचं काम समजून करतो."

विज्ञानाबद्दलची ही तळमळ बघून मास्तरांना भरून आलं. गडी अडाणी नाही, उगाच आपण समजत होतो!

तिथून ते संगप्पाकडे गेले. संगप्पा बोर्ड रंगवायचा आणि तोच बोर्ड रिक्षाला बांधून भोंग्यावरून गावभर ओरडायचा. मास्तरांनी मजकूर सांगितला: शाळेच्या मैदानावर दिवेलागणीला गुरूचे दर्शन, सोबत चार चंद्र. आणि ते निघून गेले.

ब्रश हातात धरून संगप्पा अडला. 'गुरूचे'? हे काय बोलणं झालं? शेजारच्या पोराला बोलवल्यासारखं! मास्तर तिकडले, त्यांना रीत ठाऊक नसंल. संगप्पाचं सगळं घराणं मठाचं भक्त. त्यानं 'रू'वर एक ठळक टिंब दिलं. गुरूंचे दर्शन! आता कसं बरं दिसलं. चार चंद्र म्हणजे कोण हे त्यालाही कळलं नाही, पण गुरूंच्या मागं शिष्यांशिवाय दुसरं कोण फिरणार?

संध्याकाळी मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती! बाया डोक्यावर पदर घेऊन आलेल्या, पुरुषांच्या कपाळावर ताजी विभूती, हातात हार आणि नारळ. मास्तर हरखून टेबलाभोवती नुसते भिरभिरत होते. ग्रह बघायला नारळ? गाव विज्ञानाला देव मानतंय की!

शिवकांताआज्जी पाण्यानं भरलेली घागर सांभाळत पुढं आल्या. टँकरच्या रांगेत दुपारभर उभं राहून मिळवलेलं पाणी. "मास्तर, पाट कुठं मांडू?"

"इथंच मांडा," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, आज्जींना बसायला पाहिजे.

तेवढ्यात जीप आली. पुढून साहेब उतरले आणि मागून त्यांच्या कचेरीतली चार माणसं.

"चौघं हायत," कुणीतरी बोललं आणि शंख वाजला. पुढचं सगळं मास्तरांना नीट दिसलंच नाही. गर्दी हटली तेव्हा साहेब पाटावर उभे होते, बूट एकीकडे, मोजे दुसरीकडे, गळ्यात नाकापर्यंत हार. शिवकांताआज्जी त्यांचे पाय चोळून चोळून धूत होत्या. साहेब गोंधळले होते, पण नाराज अजिबात नव्हते. शिक्षण खात्याचा असा मान त्यांनी नोकरीत कधी बघितला नव्हता.

"सर, गुरू आले," बसवंत दुर्बिणीपाशी कुजबुजला. सायकलच्या ट्यूबनं बांधलेला कॅमेरा त्यानं जरासा दाबला. "पण चेहरा लई पांढरा येऊन राहिला. पावडर जास्त झाल्यावानी."

टीव्हीवर एक झगझगीत टिकली उमटली. बाजूला एका ओळीत चार बारके ठिपके. मास्तरांना आता कसलंच भान राहिलं नाही. ते खुर्चीवर चढले.

"बघा मंडळी! हाच तो गुरू!"

सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं. मग पाटाकडे बघितलं. मग परत टीव्हीकडे.

शिवकांताआज्जी हळूच उठल्या. "ह्यो गुरू हाय? मग म्या पाय कुणाचे धुतले?"

साहेबांनी एक ओला पाय पाटावरून खाली घेतला. मास्तरांच्या डोळ्यांसमोर दुर्बीण लातूरच्या जीपमध्ये चढली.

"ते... शिक्षणाधिकारी साहेब हायत, आज्जी. गुरू म्हणजे ग्रह. आभाळातला."

"अगं बाई. अन् माझी घागर?"

टीव्हीवरची टिकली मात्र कुणाची पर्वा न करता सरकत सरकत कडेला चालली होती.

"गुरू निघाले," बसवंत ओरडला. "सर, धरा त्यांना."

मास्तरांनी उडी मारून दुर्बिणीला बोट लावलं, टिकली परत मधोमध आली. लगेच पुन्हा निघाली! आज्जी टक लावून बघत राहिल्या. "थांबतच न्हाईत की."

"गुरू कधी कुणासाठी थांबलाय का आज्जी?" मास्तर घाईघाईत बोलून गेले.

आज्जींनी मान डोलावली आणि हात जोडले. "हाव, हे खरं हाय. मग हेच खरे गुरू." त्या साहेबांकडे वळल्या. "तुम्ही बूट घाला बाबा. पाय गार पडतील."

त्यांच्या मागं सगळ्या मैदानानं हात जोडले, आणि मग रात्र होईस्तोवर प्रश्नांचा नुसता पाऊस! गुरूला चार चंद्र कशाला, आपल्याला एकच का, तिथं पाणी हाय का, असलं तर टँकर जातो का.

जाताना साहेब मोजे चढवत म्हणाले, "गर्दी नंबर एक. जूनमध्ये परत येतो. तेव्हाही अशीच दिसली, तर दुर्बीण कायमची तुमची."

मास्तरांनी त्याच रात्री आनंदानं पंचांग उघडलं. जूनच्या संध्याकाळी कोणता ग्रह दाखवावा? गुरू पहाटे, शुक्र पहाटे, मंगळ सूर्याच्या मागं. त्यांचं बोट खाली खाली गेलं आणि थांबलं.

सकाळी संगप्पानं नवा मजकूर ऐकला आणि ब्रश हवेतच धरला. "शनीचे दर्शन. सर, टिंब टाकू का?"



"टाक बाबा," मास्तर म्हणाले. "अन् खाली बारीक अक्षरात लिही, तेल आणू नये."