तांबडे गाडीचे तेल गळाले त्याची हकीकत

घरच्या मुख्य कारभारी बाईसाहेब यांणी हुकूम फर्माविला की, तांबड्या गाडीचे तेल कैसे गळाले, कोणाचे हातून गळाले, आणि त्यापायी आपला सख्खा धाकटा भाऊ चार महिने या घराची पायरी का न चढला, हे साद्यंत लिहून ठेवावे, कोणाची भीड धरू नये. त्यावरून मजकूर लिहिला तो ऐसा.

बाईसाहेबांचे यजमान श्रीमंत दंतवैद्य यांचे पदरी एक तांबडी स्पोर्ट्स कार होती. बैठक दोनच असामींची, पोट जमिनीपासून जेमतेम पाच-सहा बोटे वर, आणि गर्जना ऐसी की शेजारची तान्ही मुले दचकून उठत. श्रीमंतांचा जीव तीजवर फार. एके दिवशी मेहुणे राव यांणी ती तासाभराकरिता मागून नेली आणि परत आणून लाविली, आणि आठवडा लोटतो तो फरशीवर बशीएवढा काळा डाग दृष्टीस पडला. मधल्या रविवारी श्रीमंतांनी व्हिडिओ पाहून दस्तुरखुद्द तेल व फिल्टर बदलिला होता, परंतु त्याची चर्चा दरबारी निघाली नाही. श्रीमंतांनी चौकशीविना निवाडा केला की, मेहुण्यांनी स्पीडब्रेकरवर गाडीचे पोट आपटविले. मेहुणे शपथेवर नाकबूल गेले, आणि शब्दास शब्द वाढला, आणि मग मेहुणे भरल्या ताटावरून उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. 

शेवटी चार महिन्यांनी बाईसाहेबांचे फर्मान सुटले, "रविवारपर्यंत काय ते शोधून काढा. चूक त्याची असेल तर मी त्याला सुनावते. तुमची असेल तर फोन तुम्ही करायचा." हे ऐकोन श्रीमंतांस घाम फुटला. परक्यांच्या दाढा त्यांणी हजारो उपटिल्या, परंतु माफीचा शब्द स्वतःचे तोंडातून कधी निघाला नव्हता.

मग गॅरेजच्या मिस्त्रींस पाचारण जाहले. हे वयोवृद्ध, मितभाषी. गाडी उचलोन खाली शिरतात तो इंजिन लख्ख, तेलाचा माग कोठेच नाही.

"साहेब, हे पुसता का तुम्ही?"

"रोज सकाळी. कापसानं."

"मग गळती सापडणार कशी?"

मग मिस्त्रींनी बाईसाहेबांचे आरशापुढील अंगाला लावायच्या पावडरीचा डबा मागून घेतला, आणि इंजिनाचे खालचे अंग पांढरे केले, आणि ताकीद दिली की, तीन दिवस गाडी जागेवरच अर्धा तास चालू ठेवावी, फडके मात्र लावू नये. त्या तीन दिवसांत श्रीमंतांचे जे हाल जाहले ते लेखणीस लिहवत नाहीत. दवाखान्यात रोग्यांचे दात ते गरजेहून फाजील पुसत, आणि घरी खिडकीशी उभे राहत, आणि दोनदा कापूस घेऊन जिन्यात सापडले.

रविवारी मिस्त्री पुन्हा खाली शिरले. आपटल्याचा आरोप ज्या तळावर, तो कोरडा ठणठणीत. पांढऱ्या पावडरीत एकच काळा ओघळ, त्याचा माग काढीत ते फिल्टरापाशी पोचले आणि फिल्टर खोलिला, तो रबरी रिंग एक असावी त्या दोन निघाल्या. जुन्या फिल्टराची रिंग इंजिनास चिकटोन राहिली होती आणि तीजवरच नवा फिल्टर चढविला होता, म्हणोन तो घट्ट न बसता तेल पाझरत होते.

"हा कोणी बसवला?" मिस्त्रींनी विचारिले. श्रीमंत आकाश पाहो लागले. बाईसाहेब श्रीमंतांस पाहो लागल्या.

मग जुनी रिंग काढिली, नवा फिल्टर बसविला, आणि गाडी अर्धा तास चालविली, थेंब पडला नाही. गळती हटली, परंतु मुख्य किल्ला सर होणे बाकी होते.

श्रीमंत फोन घेऊन तीन वेळा बाल्कनीत गेले आणि तिन्ही वेळा पाणी पिऊन परतले. चौथे वेळी डोळे मिटोन बोलले, "चूक माझी होती. फिल्टर मीच नीट बसवला नव्हता. तू घरी ये."

 पलीकडून मेहुणे म्हणाले, "दाजी, एक सांगू? गाडी आपटली होती मी. पण हळूच."

श्रीमंतांचे कान गाडीहून तांबडे जाहले. चार महिने, आणि शपथेवर! मुखात आलेले शब्द त्यांणी मोठ्या शौर्याने गिळिले आणि म्हणाले, "बरं. ये तू. जेवायलाच ये."

तासाभराची वाट मेहुण्यांनी पस्तीस मिनिटांत तोडिली. घंटा वाजली तेव्हा बाईसाहेब उठण्याआधी श्रीमंत दस्तुरखुद्द धावले आणि दार उघडिले. ऐसी ही मोहीम फत्ते जाहली, आणि ही हकीकत बाईसाहेबांनी वाचून, डोळे पुसून, खरी म्हणोन मान्य केली.