नानासाहेबांच्या फाटकासमोर

नानासाहेबांच्या फाटकासमोर कॅप्टन बसला, तेव्हा गोपीनाथराव शितोळ्यांनी खिशात हात घातला. घाण उचलायची पिशवी घरीच राहिली होती. राजेंद्र नगरातल्या त्या गल्लीत 'कुत्रा तुमचा, घाणही तुमचीच' ही पाटी लावून घेणारे स्वच्छता समितीचे अध्यक्ष ते स्वतःच होते. लेकानं बेंगळुरूला जाताना गळ्यात टाकलेला हा धिप्पाड लॅब्राडोर मात्र बरोबर पाटीखाली निवांत उरकत होता.

इतक्यात आतून कडी वाजली. घरून पिशवी आणून गुपचूप उचलू, असं मनाशी म्हणत गोपीनाथराव कॅप्टनला ओढत चक्क पळाले. साठी उलटल्यावरही आपल्याला एवढं जोरात पळता येतं, हे त्यांनाही नवीन होतं.

पिशवी सापडायच्या आत नानासाहेबांचा फोन आला. "अध्यक्षजी, तुरंत या! माझा पाय पडला त्यात!"

कॅप्टनला घरी ठेवून ते गेले. नानासाहेब भिंत धरून एका पायावर उभे होते. शेजारचा सार्थक नाक दाबून त्यांची चप्पल नळाखाली धूत होता.

"भिया, हे काम आहे कोणाचं?" सार्थकनं विचारलं. जमलेल्या सगळ्या शेजाऱ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"आता मी कोणाचं म्हणून सांगू?" गोपीनाथराव पुटपुटले. "तशी त्या कोपऱ्यावरच्या मितालीकडेही कुत्री आहे..."

पुढचं त्यांना बोलावंच लागलं नाही.

"बिलकुल! दार उघडं टाकून झोपते ती!"

"नवऱ्याला सोडून आलीय, कुत्रीकडे काय लक्ष देणार?"

मितालीची इमरती जेमतेम मांजराएवढी. तिच्याकडून एवढा मोठा ऐवज निघेल का, हा विचार कोणीच केला नाही. गोपीनाथरावांनी केला, आणि ते गप्प राहिले.

संध्याकाळी मिताली त्यांच्याकडे आली. डोळे रडून सुजलेले, कडेवर इमरती.

"सॉरी, काका. मी पाहिलं नाही, पण इमरतीच असणार. आजकाल मला सकाळी उठवतच नाही. उठून करायचं काय, असं वाटतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, नवरा सांभाळता आला नाही, कुत्री काय सांभाळणार! देऊन टाक कोणाला तरी आणि महूला माझ्याकडे परत ये." तिनं कॅप्टनच्या डोक्यावरून हात फिरवला. "उद्या देऊन टाकते हिला. तुमचा किती शिस्तीचा आहे ना!"

कॅप्टननं शेपूट हलवलं. गोपीनाथरावांना मान वर करवेना.

ती गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. अंबिकाबाई कॅप्टनला म्हणाल्या, "चल रे, आपण आत बसू." आणि दार लोटून घेतलं.

सकाळी बगिच्यात समिती जमली. मितालीही इमरतीला घेऊन एका कडेला उभी होती. गोपीनाथरावांनी घसा साफ केला.

"ते कॅप्टनचं होतं. मी टाकून पळालो, आणि नाव या पोरीवर ढकललं."

नानासाहेबांचे डोळे भरून आले. "वा, शितोळेजी! त्या पोरीसाठी आळ स्वतःवर घेतलात?"

"अहो, नाही! खरंच मीच..."

"एक शब्द बोलू नका! मन पाहिलं तुमचं!"

"अध्यक्ष असावा तर ऐसा, भिया!" सार्थकनं टाळ्या सुरू केल्या.

गोपीनाथरावांनी हात जोडले, शपथ घेतली, कसं पळालो तेही पळून दाखवलं. टाळ्या वाढल्या. पुढच्या वर्षीही तेच अध्यक्ष, असं तिथंच ठरलं. त्यांचे कान लाजेनं तापले. ते घाईघाईनं घराकडे निघाले.

मिताली मागून धावत आली. "काका, माझ्यासाठी खोटं बोललात. इतकं तर माझ्यासाठी कोणीच..."

"बेटा, ते खोटं नव्हतं." रस्त्यातच थांबून त्यांनी रिकामा खिसा, कडीचा आवाज, सगळं सांगितलं.

तिचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे काल मी माफी मागत होते, तेव्हा तुम्हाला..."

"माहीत होतं."

तिनं मोबाइल काढला, नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला. "माझ्या आईला सांगा. आत्ता."

त्यांनी सांगितलं. पलीकडून आवाज आला, "भले माणूस आहात हो. पण तिच्यावर पांघरूण घालू नका. माझी मुलगी मला माहीत आहे."

"नाही माहीत तुम्हाला!" गोपीनाथराव भर रस्त्यात ओरडले. "कुत्रा माझा! घाण माझ्या कुत्र्याची! पळालो मी! तुमची मुलगी निर्दोष आहे, तिची कुत्रीसुद्धा!"

भाजीवाल्यानं ठेला थांबवला. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

"अहो, वय काय तुमचं!" मग आई कडाडली. "एकट्या पोरीवर ढकलताना लाज नाही वाटली?"

"वाटली हो. कालपासून वाटतेय."

"वाटतेय म्हणे! काल फोनवर किती रडली माझी लेक!"

गोपीनाथराव मान खाली घालून "हो," "खरंय," "चुकलंच" म्हणत राहिले. निदान एका माणसाचा तरी विश्वास बसला होता. मितालीनं हात लांबवून स्पीकर सुरू केला आणि इमरतीला मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसली. आई तिच्या बाजूनं कोणाशी तरी भांडत होती, आणि असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

दम घ्यायला आई जरा थांबली.

"अजून बोल ना, आई," मिताली हळूच म्हणाली.