खाणीतल्या राक्षसावर दिवाणखान्यातून जाहलेली स्वारी

समस्त आईबापांचे सेवेसी, ज्यांचे घरी हट्टी अपत्य आणि मोठा टीव्ही ही दोन्ही संकटे एकाच छपराखाली नांदतात, त्यांस या दिवाणखान्याचा बखरकार अदबीने लिहितो की, रविवारच्या वाढदिवसाआधी जो बिकट प्रसंग या घरावर गुदरला आणि मोठ्या शिकस्तीने निभावला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी पुढे लिहिली आहे. पदरचा मीठमसाला थोडा घातला आहे, कारण त्याखेरीज बखर घशाखाली उतरत नाही; परंतु खोटे काही लिहिले नाही.

घरची राजकन्या, वय वर्षे नऊ, ठमाबाईसाहेब या किताबाने मशहूर. खरे नाव शाळेच्या पटावर आहे, घरात त्याची कोणास गरज पडत नाही. खालच्या मजल्यावरील त्यांच्या मैत्रिणीचा वाढदिवस रविवारी, आणि केक कापून झाल्यावर सकळ मुलींनी मिळून एक राक्षसाचा सिनेमा पाहावा, ऐसा बेत मुक्रर जाहला होता. सिनेमा असा की, चार दोस्त एका बंद पडलेल्या खाणीत कॅमेरा घेऊन शिरतात आणि परत येत नाहीत, आणि मग कोणाला तरी नुसता कॅमेरा सापडतो, आणि त्यात जे उमटले तेच आपण पाहतो आहो, ऐसे सोंग. मागील साली अशाच प्रसंगी ठमाबाईसाहेबांस घरून परवानगी मिळाली नाही, म्हणोन त्यांस मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात तिच्या आजीबरोबर वाटाणे सोलीत बसावे लागले, आणि भिंतीपलीकडून साऱ्या जणींच्या किंकाळ्या आणि हसणे ऐकावे लागले, आणि तेव्हापासून शाळेत त्यांस ‘बाळ’ ही पदवी बहाल जाहली. यंदाही वाटाणेच नशिबी असतील तर मी त्या घरची पायरी चढणार नाही, ऐसा निर्वाणीचा निरोप त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केला, आणि डोळे भरून आले ते पाण्याचा पेला तोंडास लावून लपविले.

परंतु मातोश्रीसाहेबांची मर्जी फिरेना. त्या पेशाने लहान मुलांच्या दंतवैद्य, भीती म्हणजे काय चीज आहे हे रोज खुर्चीत बसलेले पाहणाऱ्या. शिवाय पूर्वी एका जाहिरातीतल्या बोलत्या झाडूला भिऊन राजकन्येने आईबापांच्या पलंगावर जे ठाणे दिले, ते उठविता उठविता अर्धे साल गेले होते, आणि त्या काळात तीर्थरूपांस सोफ्यावर मुक्काम करावा लागला होता. हा इतिहास ताजा असल्याकारणे, आधी कोणी तरी जाऊन गनिमाचा ठाव घ्यावा आणि मगच निकाल द्यावा, ऐसे मसलतीत ठरले, आणि ती कामगिरी तीर्थरूपांवर सोपविण्यात आली.

तीर्थरूप म्हणजे लग्नाचे व्हिडिओ काढणारे, या कामात आपणासारिखा दुसरा नाही ऐसे स्वतःच सांगणारे. त्यांनी आपल्या कामाच्या खोलीत शिरून सिनेमा संगणकावर लाविला आणि पंगतीस बसल्याच्या उत्साहाने पाहावयास घेतला. येथे जो घोटाळा जाहला तो नीट ध्यानी घ्यावा. लग्नाचे चित्रण ते पहिल्याने पाहतात तेव्हां आवाज बंद करून आणि चौपट वेगाने पाहतात, कारण त्यातला आवाज म्हणजे गर्दीचा गलबला, तो मागाहून काढून टाकून वर गाणे चढवायचे असते. हातास सवय, ती राक्षसासमोरही सुटली नाही. तेव्हां चार दोस्त तुरुतुरु खाणीत गेले, भिंती दिसल्या, बूट दिसले, पुन्हा भिंती दिसल्या, आणि शेवटी तो महाभयंकर राक्षस बस चुकलेल्या कारकुनासारखा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळाला आणि सिनेमा आटोपला. तीर्थरूप पोट धरून हसले. मग बाहेर येऊन त्यांनी फर्मान काढिले की, सदर सिनेमा मुलांनी खुशाल पाहावा, परंतु कॅमेरा शिकणाऱ्यांनी चुकून पाहू नये, कारण त्या चौघांपैकी एकाचाही हात स्थिर नाही, आणि इतके हलते चित्रण आपण केले असते तर नवऱ्यामुलाच्या बापाने आपणास दाराबाहेर काढिले असते.

मातोश्रीसाहेबांनी फक्त इतकेच विचारिले की आवाज कैसा आहे. तेव्हां तीर्थरूपांनी आवाज ऐकिलाच नाही हे उघडकीस आले, आणि मातोश्रीसाहेबांनी त्यांजकडे त्या नजरेने पाहिले जी त्या दात न घासता ‘घासले’ म्हणणाऱ्यांसाठी राखून ठेवितात. तीर्थरूपांनी आवाज म्हणजे नुसती वरची कोथिंबीर, ऐसा बचाव केला. तो फेटाळण्यात आला.

मग मातोश्रीसाहेबांनी मोहीम आपल्या हाती घेतली. त्यांच्या दवाखान्याची रीत ऐसी की, मुलास आधी काय होणार ते सांगावे, मग हत्यार हातात देऊन दाखवावे, आणि त्यानंतरच तोंडात घालावे. आणि मुलाने डावा हात वर केला की काम तिथल्या तिथे थांबवावे, का म्हणून विचारू नये. याच रीतीने शनिवारी दुपारी तिघांनी मिळून पुऱ्या आवाजात सिनेमा पाहावा, आणि राजकन्येचा डावा हात वर न जाता शेवट गाठला तर रविवारची परवानगी द्यावी, न गाठला तर वाटाणे, ऐसा तह जाहला. ठमाबाईसाहेबांनी तह मान्य केला, आणि डावा हात मांडीखाली दाबून बसल्या.

पडदे ओढिले, सिनेमा सुरू जाहला. मातोश्रीसाहेब तीर्थरूपांकडून आधीच वदवून घेतलेला क्रम हळू आवाजात सांगत होत्या, की आता अंधार येईल, आता कोणी तरी घसरेल, आणि राजकन्या मान डोलवीत होत्या. इतक्यात खाणीच्या तळातून कशाचे तरी खरवडणे ऐकू आले, आणि कोणी तरी ओला श्वास घेतला, आणि कॅमेरा धरणारा माणूस रडक्या आवाजात आपल्या दोस्तांस हाका मारू लागला. त्याच क्षणी सोफ्यावरून एक डावा हात वर गेला. मातोश्रीसाहेबांनी सिनेमा थांबविला आणि पाहिले, तो हात तीर्थरूपांचा. कान खाजवावयास उचलिला होता, ऐसा खुलासा त्यांनी केला. परंतु हात चांगला छतापर्यंत गेला होता, आणि कान तितका उंच कोणाचाच नसतो. तेव्हां ठमाबाईसाहेबांनी त्यांस समजाविले की, ते खरवडणे म्हणजे कोणी तरी फरशीवर खुर्ची ओढीत असणार, आणि श्वास तर कोणीही काढील, आणि स्वतः काढून दाखविला. तीर्थरूपांनी उशी पोटाशी घेतली आणि लढाई पुढे चालली.

राक्षस आला. तो बहुत ओंगळ होता, आणि राजकन्या त्याजकडे पाहून, हा दातांची निगा राखीत नाही, इतकेच म्हणाल्या. फत्ते जवळ आली ऐसे वाटून मातोश्रीसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू आले. मग पडद्यावर कॅमेरा हातातून सुटून जमिनीवर आडवा पडला आणि तैसाच चालू राहिला. समोर काही नाही, नुसती माती आणि एक दिवा. आणि मांडीखालचा डावा हात सुटला आणि वर गेला.

सिनेमा थांबला. कोणी काही विचारिले नाही, रीतच तैसी. आता आपण हरलो हे राजकन्येस ठाऊक होते, तरी हात खाली आला नाही.

“तो कॅमेरावाला कुठे गेला?” त्यांनी विचारिले.

तीर्थरूपांनी सांगितले की तो नट आहे, काम संपल्यावर घरी जाऊन जेवला असेल.

“बाबा, तुझ्यासमोर असं काही आलं ना, तर तू शूट करत बसू नकोस. कॅमेरा टाक आणि घरी ये.”

तीर्थरूपांस राक्षसाने जे केले नव्हते ते या बोलण्याने केले. पावसात, धक्काबुक्कीत, एकदा तर कोसळत्या मंडपाखाली त्यांनी कॅमेरा छातीशी धरिला होता आणि त्याची फुशारकी याच सोफ्यावर सांगितली होती, आणि ती ऐकताना पोर काय ऐकीत होती हे त्यांस आज कळले. त्यांनी नुसती मान हलविली. राजकन्येस मान चालेना. मोठ्याने बोलावे लागले.

“टाकीन. टाकीन आणि येईन.”

मग हात खाली आला, आणि बाकी राहिलेला सिनेमा राजकन्येने बापाच्या कुशीत, पापणी न हलविता पाहिला. तहाप्रमाणे हार होती. परंतु मातोश्रीसाहेबांनी निकाल दिला की, दवाखान्यात हात वर करणारे मूल घाबरट समजत नाहीत, कुठे दुखते ते सांगणारे समजतात. आणि जी पोर राक्षस सोडून हरवलेल्या माणसाची काळजी करिते तीस हा सिनेमा बाधणार नाही. सबब परवानगी आहे.

रविवारी ठमाबाईसाहेब सोफ्याच्या मध्यभागी बसल्या. खरवडणे ऐकू येताच त्यांस ‘बाळ’ म्हणणाऱ्यांपैकी एकीने त्यांचा हात जो घट्ट धरिला तो शेवटपर्यंत सोडिला नाही, आणि ती पदवी त्याच दुपारी खालसा जाहली. राजकन्या रात्री आपल्या पलंगावर सुखरूप निजल्या. खोल्यांमधल्या बोळातला दिवा मात्र चालू ठेवावा लागला, तो तीर्थरूपांच्या विनंतीवरून.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सदर सिनेमा मुलांस योग्य ठरला. बापांनी तो शेजारी मूल असल्याखेरीज पाहू नये. मंगळवारी तीर्थरूप कामावर निघाले, तेव्हां राजकन्येने त्यांच्या कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा सोडवून पिशवीत टाकिला आणि कॅमेरा त्यांचे हाती दिला, की वेळ आली तर चटकन सुटावा. आणि तीर्थरूप तो तसाच, मोकळ्या हाती धरून, जिना उतरले. इतके लिहून बखरकाराने लेखणी खाली ठेविली.