संयोगिताच्या बदली हेल्मी

संयोगिता फिनलंडला पोचल्याच्या अकराव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर रडायला लागली, तेव्हा आकाराम सुभेदार आष्ट्याजवळच्या आपल्या मळ्यात उसाला पाणी देत होते. बावीस वर्षं फौजेत काढलेल्या या माणसाला रडणाऱ्याशी काय बोलायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी आधी मोटार बंद केली.

पोरीची तक्रार तशी साधी होती. अभ्यास जमत होता, थंडी सोसत होती, खोलीत गरम पाणी चोवीस तास होतं. फक्त तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. शेजारच्या खोलीतली मुलगी बाहेर पडण्याआधी दाराआड थांबून कानोसा घ्यायची आणि संयोगिता पुढं गेली की मगच निघायची. बसथांब्यावर दोन माणसांच्या मध्ये एक म्हैस आरामात उभी राहील एवढी जागा सोडलेली असायची.

"आबा, अकरा दिवसांत जेवलीस का म्हणून एकानं इचारलं न्हाई," ती म्हणाली. "मला परत यायचंय."

परत येणं म्हणजे वर्ष बुडणं. सांगलीच्या कॉलेजातून एका सत्रासाठी परदेशी निवडलेली गावातली ती पहिलीच मुलगी. चौकातला अभिनंदनाचा फ्लेक्सही अजून उतरायचा होता, आणि त्यावर तिच्यापेक्षा सुभेदारांचा फोटो मोठा होता. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि मी बघतो म्हणून सांगितलं. आष्ट्यात बसून फिनलंडचं काय बघणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वाट दाखवली ती त्यांच्या बायकोनं, मंगलनं.

"आवं, आपल्या पोरीच्या बदली तिकडची एक पोरगी हिकडं आलीया म्हनं," ती म्हणाली. "तिला तरी कोन इचारतंय का?"

सुभेदार चमकले. त्यांचं आणि मंगलचं लग्न साट्यालोट्याचं. मंगल या घरात आली, त्याच मांडवातून सुभेदारांची बहीण मंगलच्या भावाच्या घरी गेली. तिकडं बहिणीला कुणी टाकून बोललं की इकडं मंगलच्या चहातली साखर कमी व्हायची, आणि इकडं मंगलला नवं लुगडं आलं की तिकडं बहिणीला दिवाळीला माहेरी धाडायचे. हा कायदा दोघांनाही पाठ होता. फिनलंडला तो लागू नसेल असं मानायला त्यांच्याकडं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार सांगलीतल्या विश्रामबागच्या कॉलेजात हजर झाले. परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या जयराज सरांनी सांगितलं की हेल्मी नावाची मुलगी आली आहे, तीही संयोगिता गेली त्याच गावची. तीन आठवडे झाले, वसतिगृहात राहते, कुणाशी बोलत नाही, कशाची तक्रार नाही. सरांनी हे कौतुकानं सांगितलं. सुभेदारांचा चेहरा मात्र पडला. ही देवाणघेवाण माणसामाणसांत नसते, दोन विद्यापीठांत करार असतो, असंही सरांनी समजावून पाहिलं.

"करार म्हंजे तेच की," सुभेदार म्हणाले आणि वसतिगृहाकडं निघाले.

हेल्मी उंच, गोरी आणि गप्प होती. सुभेदारांनी तिला संयोगिताचा फोटो दाखवला, तिकडच्या खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिली, आणि फौजेतलं इंग्रजी बाहेर काढून ती तिथं, तू इथं, एवढं नीट पटवलं. मग चार पुडांचा डबा पुढं ठेवला. हेल्मी थँक यू म्हणाली. डबा तिनं स्वच्छ संपवला.

घोटाळा इथं सुरू झाला. हेल्मीच्या घरची शिस्त अशी की ताटात आलेलं टाकायचं नाही, शेवटचा कणही संपवायचा, नाहीतर रांधणाऱ्याचा अपमान होतो. मंगलच्या घरची शिस्त अशी की पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही, नाहीतर घराची अब्रू जाते. हेल्मीनं दोन भाकऱ्या संपवल्या म्हणून दुसऱ्या दिवशी तीन गेल्या. तीन संपल्या म्हणून चार गेल्या. पोरगी उपाशी मरत होती, असा मंगलचा निष्कर्ष निघाला. वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या चंद्राबाईंनी दोनदा सांगून पाहिलं की डबा खाल्ल्यावर ती तासभर भिंतीला टेकून बसते. मंगलनं त्याचा अर्थ तृप्ती असा घेतला.

रविवारी हेल्मीला मळ्यावर आणली. बेत पुरणपोळीचा होता. तिनं पहिली पोळी संपवली, मंगलनं दुसरी वाढली. तिनं दुसरी संपवली. चौथ्या पोळीनंतर हेल्मी हळूहळू खायला लागली, तेव्हा तूप कमी पडलं असेल म्हणून मंगलनं तूप ओतलं. सहाव्या पोळीला हेल्मीच्या कपाळावर घाम आला. सुभेदार कौतुकानं पंखा तिच्याकडं वळवून बसले. सातवी पोळी संपली आणि ती शांतपणे आडवी झाली.

सांगलीच्या दवाखान्यात तिला सलाईन लागलं. डॉक्टरांनी सुभेदारांना बाजूला घेऊन सात पोळ्या का वाढल्या म्हणून विचारलं. ताट मोकळं दिसत होतं, असं सुभेदारांनी सांगितलं.

हेल्मीनं सलाईनच्या बाटलीचा फोटो काढून आपल्या वडिलांना पाठवला. सुभेदारांनी ते पाहिलं. त्यांच्या पोरीला आपण दवाखान्यात घातलं. आता आपली पोरगी त्यांच्या हातात. त्यांनी संयोगिताला फोन लावला. तिनं उचलला नाही. संध्याकाळीही उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बंद लागला.

"साखर गेली चहातली," मंगल एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. सीमेवर असताना वाटली नव्हती तेवढी भीती सुभेदारांना त्या दिवशी वाटली, आणि ती त्यांनी उसाच्या सरीत एकट्यानं काढली.

तिसऱ्या दिवशी हेल्मीला दवाखान्यातून सोडलं. मंगलनं हट्टानं तिला मळ्यावर आणून मऊ भात वाढला आणि समोर बसली. हेल्मीनं मात्र दवाखान्यात पडल्यापडल्या विचार केला होता. रिकाम्या ताटाचा इथं काय अर्थ होतो, हे चंद्राबाईंनी तिला खुणा करून समजावलं होतं. तेवढ्यात सुभेदारांचा फोन वाजला. संयोगिता होती, आणि ती हसत होती.

"परवा फोन पान्यात पडला वो आबा, आत्ता चालू झाला," ती म्हणाली. "हेल्मीचे बाबा आलेत."

सुभेदार उठून बाहेर आले. काय म्हणाले, हे त्यांनी फार हळू विचारलं.

हेल्मीचे बाबा तीन दिवसांपूर्वी बादलीभर निळी बोरं, म्हणजे ब्लूबेरी, घेऊन दारात उभे राहिले होते. आमच्या मुलीला अनोळखी माणसं रोज डबा देतात, आणि आपण त्यांच्या मुलीला साधं विचारलंही नाही, याची त्यांना लाज वाटली होती. हे त्यांनी आदल्या दिवशी, बऱ्याच वेळानं सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त खिशातून चिठ्ठी काढली, डब्याबरोबर हेल्मीच्या रोज कानावर पडणारे मराठी शब्द तिला फोनवर विचारून उतरवलेली, आणि चष्मा लावून वाचली.

"काय वाचलं?"

"जेवलीस का," संयोगिता म्हणाली.

सुभेदारांनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि उसाकडं बघत राहिले. डोळ्यांत आलेलं पाणी पुसायला त्यांनी टोपी काढली.

"आता परत यायचंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. रविवारी त्येंच्याकडं जेवायला जायचंय. पर आबा, आज मी त्यास्नी आईच्या भाजणीची थालीपीठं केली. ते ताट मोकळं करत्यात म्हणून मी वाढत गेले. आठ झाली. आता माझ्या खाटंवर आडवे झालेत. बोलत न्हाईत. पर ते आधीबी बोलत नव्हते."

"सलाईन लावायला ने," सुभेदार अनुभवी आवाजात म्हणाले. "आन रविवारी थितं ताटात काय ठिवू नगंस. सगळं संपीव."

एवढं सांगून ते निश्चिंत मनानं आत आले. दोन्ही घरांचं बरोबर झालं होतं. हेल्मीनं भात जवळजवळ संपवला होता, आणि आता ती शिकल्याप्रमाणे दोन घास ताटात नीट बाजूला सारून, हात जोडून बसली होती.

मंगलनं ते दोन घास बघितले आणि तिचा जीव कळवळला.

"त्वांडाला चव न्हाई गं लेकराच्या," ती म्हणाली, आणि लिंबाचं लोणचं, वाटीभर दही अन् आणखी दोन पळ्या भात ताटात वाढला.