बोरकरकाकांचा रिकामा कप्पा

आमचे शेजारी बोरकरकाका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. "मले सांगा, तुमाले कोणत्या कप्प्यात टाकू?" असं विचारतात. माझ्या लग्नात त्यांनी हे थेट नवरीलाच विचारलं. ती बिचारी गोंधळून म्हणाली, "मी नवरी." "ते आजच्यापुरतं झालं," काका खिशातून वही काढत म्हणाले, "उद्यापासून?"

काकांचा उभा जन्म भिलाईच्या पोलाद प्लांटच्या स्टोरमध्ये गेला. तिथे प्रत्येक नटबोल्टाला कप्पा आणि प्रत्येक कप्प्याला कार्ड. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. घरी मोहरीच्या डब्यावरसुद्धा 'मोहरी, बारीक, फोडणी' अशी चिठ्ठी आहे.

मग त्यांनी ब्लॉग काढला. भिलाई-दुर्गमधल्या मराठी माणसांची यादी. शिंपी हवा, सत्यनारायणाला गुरुजी हवेत, तर मेन्यू उघडायचा, कप्पा निवडायचा, नाव हजर. चरोदा वस्तीतले एक गृहस्थ कपडे शिवतात आणि तबलाही वाजवतात. त्यांना काकांनी फोन करून दरडावलं, "एक ठरवा. एक नट दोन कप्प्यांत रायते काय?" ते आजतागायत रुसलेले आहेत.

हळूहळू मेन्यू मारुतीच्या शेपटासारखा लांबला. चरोद्यातला सुतार शोधला तरी भिलाई-३ वस्तीतले सुतार समोर यायचे. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी फिल्टर बसवला. आधी वस्ती निवडा, मग दुसऱ्या मेन्यूत तिथलेच कप्पे दिसतील. ज्यात एकही नाव नाही ते कप्पे गायब. मी स्वतःवर फारच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बनियनवरच दारात.

"माहा कप्पा कावून उडवला?"

"कोणता, काका?"

"मराठीत गप्पा."

"त्यात एकही नाव नव्हतं हो!"

"म्हनून काय झालं? स्टोरमंदी कप्पा रिकामा झाला तर उखडून फेकत नाही, बेटा. कार्ड लटकलं रायते. कार्ड हाय म्हंजे माल येनार हाय."

मी हसलो, पण हसू टिकलं नाही. काकू जाऊन दोन वर्षं झाली. नातवंडं फोनवर "दादाजी, कैसे हो?" विचारतात आणि काकाही हिंदीतच बरं आहे म्हणून सांगतात.

"तुमचंच नाव टाकू का त्यात?"

"यादी करनाऱ्यानं सोताले टाकू नये. आन एकटा मानूस गप्पा कोनासंग मारंन?"

मला लाज वाटली. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. आणि मी तरी काय, माझ्या मुलीशी घरात हिंदीतच बोलतो.

तिथेच लॅपटॉप उघडला. त्या कप्प्यात आधी माझं नाव टाकलं, मग त्यांचं. मेन्यूत 'मराठीत गप्पा' परत आलं, पुढे दोनचा आकडा.

काका वाकून बघत राहिले. "पन तू तर कॉम्प्युटरच्या कप्प्यात हाएस."

"एक नट दोन कप्प्यांत नाही का चालणार?"

त्यांनी चष्मा काढला आणि बनियनला बराच वेळ पुसला.

"चालंन," ते म्हणाले. "पाच वाजता ये, चहा ठेवतो. आन पोरीलेही आन. तिचं कार्ड मी आत्ताच लटकवून ठेवतो."