सिंधू सिस्टरची तापकरी गाडी

आमच्या शेजारच्या सिंधू सिस्टर मोटारीच्या बॉनेटला हात लावायच्या आधी तळहात पदराला पुसतात. मग उलटा हात बॉनेटवर ठेवतात आणि डोळे मिटतात. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पेशंट बदलला, सवय तीच राहिली.

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे बदलून घेतात. सिस्टरनी जुनी पांढरी मोटार घेतली आणि ती चालवायला शिकल्या. डॅशबोर्डावर बुद्धाची छोटी मूर्ती, मागच्या सीटवर धुतलेली चादर आणि उशी. चपला झटकल्याशिवाय आत प्रवेश नाही.

पण गाडीला एक दुखणं होतं. थंड असताना मुरबाडहून निघाली की झकास पळायची. वैशाखरे गाव ओलांडून आत पाड्याचा चढ लागेपर्यंत चांगली गरम व्हायची आणि तिथे तिला धाप लागायची. थोडी थांबवली की पुन्हा शहाणी.

मुरबाडच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं की सिस्टर त्याचा हात धरायच्या. “आधी हिस्ट्री घे रे. कधीपास्नं होतं, चढावर का सपाटीला, खाल्ल्यावर का उपाशीपोटी.”

“सिस्टर, गाडी हाय ती.”

“मंग? तिला बोलता येत नाय म्हणून विचारायचं पण नाय?”

त्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, फिल्टर बदलला. गुण येईना. शेवटी सिस्टर इंजिनावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवू लागल्या. आळीला फुकटची करमणूक झाली.

मीही हसलो असतो, पण दर दुरुस्तीनंतरच्या ट्रायलला मागच्या सीटवर झोपणारा मीच होतो. गाडीत वजन हवं, आणि तेही आडवं. माझ्या या देहाचा उपयोग आजवर कुणालाच सापडला नव्हता, तो सिस्टरनी शोधून काढला.

“भाऊ, डाव्या कुशीवर व्हा.”

“उजव्या कुशीवर मोटार चालत नाही का?”

“चालते. पण डाव्याच.”

चढावर गाडी बसायची, सिस्टर पट्ट्या बदलायच्या, मग गाडी वळवून आम्ही परत. हल्ली तर ट्रायल रोज व्हायला लागली होती. इतकी घाई कसली, असं विचारलं की उत्तर एकच, “हाय घाई.”

परवा पुन्हा तेच झालं. पडल्यापडल्या मला चेष्टा सुचली. “सिस्टर, मी हिस्ट्री घेऊ का? खाल्ल्यावर कशी असते?”

त्या विचारात पडल्या. “पेट्रोल भरलं का जरा तरतरी येते खरी.”

मी उतरून टाकीचं झाकण बघायला गेलो आणि बघतच राहिलो. झाकणाभोवती दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, दुहेरी, अशी चापून बसवलेली की मुंगीलासुद्धा आत वाट नव्हती. पट्टी सोलून झाकण फिरवलं, तशी टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. माझं ज्ञान आईच्या रॉकेलच्या डब्यापुरतं. त्या डब्याला दुसरं भोक पाडल्याशिवाय धार नीट पडत नसे. इथेही तेच होतं. पेट्रोल संपत जाईल तशी आत हवा जायला हवी, ती वाटच बंद. पेट्रोल भरताना झाकण उघडेल तेवढीच तरतरी. गाडीला ताप नव्हताच, नाक बांधलं होतं.

“सिस्टर, हे कुणी केलं?”

“मीच.” त्या पट्टीकडे बघत राहिल्या. “मागं पेट्रोलचा वास येतो. पोटुशी बाईला त्या वासानं उलट्या होतात.”

“कोण पोटुशी बाई?”

त्यांनी चढाकडे हात केला. “सुगंधी. वरच्या पाड्यावरची. माझ्या हातावर जन्मली ती. आता तिचेच दिवस भरलेत. वर रेंज नाय. कळा सुरू झाल्या का तिचा नवरा हितं खाली येऊन फोन करणार, आन मी गाडी घेऊन जाणार. शब्द दिलाय तिला. आन ही बया रोज हितंच बसते.”

डाव्या कुशीचा उलगडा मला तेव्हा झाला; दिवस भरलेल्या बाईला तशीच निजवतात. सिस्टरच्या घरात त्यांच्याशिवाय कुणी नाही. त्या चादर कुणासाठी धूत होत्या, हे मी इतक्या दिवसांत विचारलंही नव्हतं.

पट्टीविना गाडी एका दमात वर गेली. सुगंधी कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. सिस्टरनी मला उतरवलं आणि तिला सीटवर झोपवून पाहिलं, डाव्या कुशीवर. उशी सारखी केली.

“वास येतोय का गो?”

“येतोय थोडा.”

सिस्टरचा चेहरा उतरला.

“येऊ दे,” सुगंधी म्हणाली. “तुमी आल्या ना.”

सिस्टरनी तळहात पदराला पुसला आणि उलटा हात तिच्या कपाळावर ठेवला. डोळे मिटले, ते बराच वेळ उघडले नाहीत. मलाही भरून आलं. म्हणून मी टाकीचं झाकण नीट लागलंय का ते बघायला मागे गेलो.